आजी आधीच लंगडत होती, मग क्लेम कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा. पारोळा तालुक्यातल्या एका गावच्या ६८ वर्षांच्या आजी. डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू, त्याचा ४५ टक्क्यांचा दाखला आहे. काठी टेकत चालायच्या, पण दोन म्हशींचं सगळं स्वतः बघायच्या. बाजारातून परतताना रस्त्याच्या कडेला मोटारसायकलने धडक दिली आणि उजव्या, म्हणजे चांगल्या पायाच्या खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, बॉल बदलला. फिर्याद आठ दिवसांनी दिली. आज अपघाताला चार महिने झालेत आणि आजी वॉकर धरून जेमतेम संडासापर्यंत जातात, तेही सून सोबत असेल तर. मोटारसायकलवाल्याचे नातेवाईक ५० हजारांत मिटवा म्हणतात. ओळखीचा एक विमा एजंट म्हणतो, "वय झालेलं, त्यात आधीचं अपंगत्व. बिलांच्या वर काही मिळत नसतं." नातू विचारतोय, केस करण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. पण एजंट सांगतो ते निव्वळ खोटं नाही, हेही आधीच मान्य करतो. मी वकिलीची पहिली सहा वर्षं एका विमा कंपनीच्या पॅनलवर काढली आणि त्यानंतरची वीसेक वर्षं जखमींच्या बाजूने अपघाताच्या केसेस चालवतोय. म्हाताऱ्या माणसांच्या केसमध्ये रक्कम कमी निघते हे खरं, आणि ती किती कमी निघावी हे बऱ्याचदा घरच्यांच्या हातात असतं हेही तितकंच खरं. घरचे लोक अपघातानंतरची फाईल जाडजूड करतात: एक्सरे, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या. अपघाताआधी हे माणूस दिवसभर काय करत होतं, याचा एक कागदही त्या फाईलमध्ये नसतो. तरुण ड्रायव्हरचा हात गेला तर त्याचं काय गेलं हे कुणाला सांगावं लागत नाही. ६८ वर्षांच्या, काठीवर चालणाऱ्या बाईचं काय गेलं हे मात्र कोर्टाला दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर कोर्ट असंच धरून चालतं की आजी खाटेवर बसून असायच्या, आताही बसूनच आहेत.

तर आधीपासून सुरुवात करू. म्हशींचं दूध डेअरीला जात होतं ना? मग डेअरीचं कार्ड आणि बिलाच्या पावत्या काढा. कार्ड आजींच्या नावावर असेल तर उत्तम. मुलाच्या नावावर असेल तर डेअरीच्या सचिवाला साक्षीला आणता येतं, रोज दूध घालायला कोण यायचं हे त्याला माहीत असतं. आजी बचत गटात असतील तर गटाच्या रजिस्टरमधल्या त्यांच्या सह्या किंवा अंगठे महिन्याकाठी त्या बैठकीला चालत जात होत्या हे सांगतात. लग्नातले, कानबाईच्या रोटातले, शेतातले फोटो मोबाइलमध्ये असतातच. तारीख दिसेल असे ठेवा आणि फोन विकू नका. शेजारच्या दोन बायकांचं प्रतिज्ञापत्र करा, पण त्यात "त्या अत्यंत कष्टाळू होत्या" असली वाक्यं घालू नका. सकाळी किती वाजता गोठ्यात जायच्या, कडबा कोण तोडायचं, पाणी कोण शेंदायचं, असं लिहा. कष्टाळूपणावर उलटतपासणी सहज होते. पहाटे पाचला धार काढायच्या, यावर करणं अवघड जातं.

इथे एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. आजींना संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळचं अनुदान चालू असेल तर त्या वेळी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढलेला असणार, आणि त्यात वर्षाचं उत्पन्न अगदी थोडं लिहिलेलं असणार. तुम्ही दाव्यात महिना वीस हजार कमाई लिहिलीत की विमा कंपनीचा वकील तो दाखला समोर ठेवतो. पॅनलवर असताना मी स्वतः हे केलेलं आहे. म्हणून आकडा खरा लिहा, आणि जे रोख हातात येत नव्हतं पण घराला लागत होतं ते काम म्हणून मांडा. घरकामाला किंमत असते हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लता वाधवा प्रकरणात मान्य केलं. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीचं ते प्रकरण होतं. त्यात ६२ ते ७२ वयाच्या बायकांच्या घरातल्या कामाचीही वर्षाला २० हजार रुपये किंमत धरली होती. आज तो आकडा तोकडा वाटतो, पण त्या वयाच्या बाईच्या कामाला शून्य धरता येत नाही हे त्यातून पक्कं झालं.

आता पोलिओ. विमा कंपनी म्हणेल, ४५ टक्के अपंगत्व आधीचंच होतं, ते वजा करा. आणखी म्हणेल, या वयात हाडं ठिसूळ असतात, तरुण बाई असती तर मुका मार लागला असता. दुसऱ्या म्हणण्याचं उत्तर सोपं आहे. धडक देणाऱ्याला समोरचा माणूस जसा आहे तसा पत्करावा लागतो. हाडं ठिसूळ होती म्हणून त्याची चूक अर्धी होत नाही.

वजाबाकीचं उत्तर नीट समजून घ्या, कारण तुमची केस त्यावरच उभी राहील. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरने एखाद्या अवयवाचं अपंगत्व अमुक टक्के लिहिलं म्हणजे कमाईची ताकद तेवढेच टक्के कमी झाली असं धरायचं नाही. आधी बघायचं, की हे माणूस काय काम करत होतं, आता त्यातलं काय करू शकतं आणि काय नाही. त्यातलं उदाहरण आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे: डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर कामातून उठतो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. तुमच्या आजींचं गणित याच रीतीने मांडायचं. साठ वर्षं एका पायावर संसार चालला आणि तोच पाय मोडला. दोन चांगल्या पायांच्या बाईचा खुबा मोडला तर ती दुसऱ्या पायावर भार देऊन उभी राहते. आजींना तो दुसरा पाय नव्हताच. म्हणजे जुनं अपंगत्व इथे नुकसान कमी करत नाही, वाढवतं. त्यामुळे जुना दाखला लपवायचा विचारही करू नका. तो आपल्याच कामाचा कागद आहे.

पण हे डॉक्टरच्या तोंडून यावं लागतं. नुसता दाखला दाखल करून भागत नाही, दाखला देणारा डॉक्टर किंवा ऑपरेशन करणारा सर्जन साक्षीला लागतो. सर्जन मंडळी कोर्टात यायला नाखूश असतात, दिवस मोडतो. त्यांना आधी भेटा आणि आदराने विनंती करा. अगदीच जमत नसेल तर कोर्ट कमिशनमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस पाठवून, दवाखान्यात साक्ष नोंदवण्याचा अर्ज करता येतो. आणि नवीन दाखल्याची घाई करू नका. चार महिन्यांत काढलेल्या दाखल्यावर "अजून सुधारणा होईल" असा शेरा यायची शक्यता असते. साधारणपणे मी सहा महिने ते वर्षभर थांबतो, पायाची स्थिती ठरली की मग रुग्णाला शासकीय रुग्णालयाच्या मंडळापुढे पाठवतो. दावा मात्र त्यासाठी थांबवायचा नाही. दावा आधी, दाखला नंतर.

वयाचं काय होतं ते आकड्यांत सांगतो. सरला वर्मा प्रकरणात २००९ साली वयाप्रमाणे गुणक ठरले, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला कितीने गुणायचं तो आकडा. ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७, ६५ च्या पुढे ५. समजा आजींच्या कामाची किंमत महिना ८ हजार धरली आणि कामाची ताकद ६० टक्के गेली असं ठरलं. वर्षाचे ९६ हजार, गुणिले ५, त्याचे ६० टक्के म्हणजे २ लाख ८८ हजार. साठीनंतर भविष्यातल्या वाढीव कमाईपोटी काही धरत नाहीत, त्यामुळे इथे भर पडणार नाही. हेच वय ६५ असतं तर गुणक ७ झाला असता आणि रक्कम ४ लाख ३ हजार २०० निघाली असती.

म्हणून विचारतो, आजींचं वय कशावरून ६८? आपल्याकडे त्या पिढीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, कॅम्पमध्ये बसलेल्या पोराने अंदाजाने टाकलेली. आधार हा वयाचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघाताच्याच एका प्रकरणात म्हटलं आणि शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आजी दोन-चार इयत्ता शिकल्या असतील तर गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. निघालं वय कमी तर फायदा, जास्त निघालं तरी ६५ च्या पुढे गुणक तोच राहतो. वय कमी करून देणारे दलाल भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

आता तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट. तुम्ही आईंचा उल्लेख एका ओळीत केलात, "आई सोबत असते" एवढाच. खरं म्हणजे या केसमधली मोठी रक्कम तिथे आहे. तुमच्या आई अपघाताआधी कापूस वेचायला, निंदणीला जात असतील तर ती मजुरी बुडाली. रात्री दोनदा उठवून संडासला नेणं, अंघोळ घालणं, मालिश, हे बाहेरची बाई लावून केलं असतं तर काय पडलं असतं? सुनेने केलं म्हणून ते फुकट होत नाही. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात, कायमच्या परावलंबी झालेल्या एका मुलीसाठी, दोन मदतनिसांचा महिना प्रत्येकी ५ हजार खर्च धरून त्यालाही गुणक लावला गेला. ती मुलगी बारा वर्षांची होती, दुखापत फार मोठी होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मिळेल असं मी सांगणार नाही. पण रीत तीच. महिना ५ हजार, बारा महिने, गुणक ५, झाले ३ लाख. आजींच्या स्वतःच्या कमाईच्या नुकसानीपेक्षा जास्त! शिवाय वेदना, आयुष्यातला आनंद हिरावणं, प्रवास, सकस आहार, पुढचा औषधोपचार, हे सगळे वेगळे रकाने आहेत. माझ्या अनुभवात म्हाताऱ्या माणसाच्या दाव्याचं वजन या रकान्यांत असतं आणि अर्ज लिहिताना नेमके तेच दोन ओळींत उरकलेले असतात.

बिलांबद्दल थोडंसं. जी नाहीत ती दवाखान्यातून आणि मेडिकलमधून दुसरी प्रत म्हणून मागा. मेडिक्लेममधून पैसे मिळाले असतील तर ते इथल्या भरपाईतून वजा होत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलं आहे.

मुदतीकडे वळू, कारण इथे तुमच्याकडे वेळ कमी आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये, अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा लावण्याची अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. चार महिने गेलेत, दावा या महिन्यात दाखल करा. व्याज बहुतेक दावा दाखल केल्याच्या तारखेपासून मिळतं, हाही फायदा. दावा अपघात झाला त्या भागात किंवा आजी राहतात तिथे लावता येतो. आजींना सुरतेला मुलाकडे नेलं असेल म्हणून तिकडे लावायची गरज नाही. वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला म्हणून आणि दिव्यांग म्हणूनही आजींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१०० आहे. दवाखान्याच्या दारात टक्केवारी बोलणारा कुणी भेटला तर एवढंच ध्यानात ठेवा, की वकिलाला निकालाच्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

५० हजारांचं म्हणाल तर, घेऊ नका असं सरसकट सांगणार नाही. मोटारसायकलचा विमा होता का ते आधी बघा, एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कळतं. विमा चालू असेल तर पैसे कंपनी देणार आहे, त्या पोराच्या बापाची जमीन विकायची वेळ येणार नाही, हे त्यांनाही समजावून सांगा. गावातलं वैर निम्मं तिथेच निवळतं. पोराकडे लायसन्स नव्हतं तरी बऱ्याचदा कोर्ट कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. विमाच नसेल तर मात्र मालकाच्या ऐपतीवर सगळं येतं, आणि तेव्हा वाटाघाटीचा विचार वेगळा करावा लागतो. उपचारासाठी आता काही रक्कम घेतलीत तर बँकेतून घ्या. "यापुढे काही तक्रार नाही" अशा स्टॅम्प पेपरवर आजींचा अंगठा देऊ नका. पुढे लोक अदालतीतही कंपनी तडजोडीला येईल. तिथे जा, पण वरची बेरीज खिशात ठेवून जा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

आजी म्हणत असतील, कोर्टाची पायरी नको. साहजिक आहे. अमळनेरकडच्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, "माले पैसा नको भाऊ, मना पाय चांगला करी द्या." त्यांना कोर्टात आणायची वेळच आली नाही, घरी कमिशन नेऊन साक्ष घेतली. तुम्हालाही तो अर्ज करता येईल. पण साक्ष घरी असो की कोर्टात, आजींना एक गोष्ट आधी सांगा. माझ्या एका केसमध्ये एक आबा होते, पाऊणशे वय, दोन्ही पाय मोडलेले. समोरचे वकील जुने आणि गोड बोलणारे. पहिलाच प्रश्न, "आबा, आता बरं आहे ना?" आबा हात जोडून म्हणाले, "हो, बरं आहे, पांडुरंगाची कृपा." नोंद झाली: "हे म्हणणे खरे आहे की, मी आता बरा आहे." पुढे निकालात ते वाक्य आमच्या बोकांडी बसलं. आपली म्हातारी माणसं दुःख विचारलं तरी बरं आहे म्हणतात, तशी रीतच आहे. आजींना पोपटासारखं पढवू नका, नुसतं सांगा की कोर्टात कुणी "कसं काय" विचारलं तर ते पाहुण्याचं विचारणं नसतं.

एक कटू गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मनात असेल. केस चालू असताना आजींचं काही बरंवाईट झालं तर? पूर्वी यावरून खूप वाद व्हायचा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की जखमीचा भरपाईचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो, मृत्यूचं कारण अपघाताशी जोडलेलं असो वा नसो. म्हणून साक्ष लवकर घ्यावी यासाठी वयाचं कारण देऊन अर्ज करा. आणि निकाल लागल्यावर सगळी रक्कम पाच वर्षांच्या ठेवीत अडकवू नये, असाही अर्ज करा. अडुसष्टाव्या वर्षी पैसे आज लागतात.

आता हे सगळं ज्या कागदावर अवलंबून आहे तो मी पाहिलेला नाही, आणि तुम्हीही पाहिला नसावा. या वयात खुब्याचं हाड मोडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घरात पाय घसरून पडणं. त्यामुळे विमा कंपनीचा पहिला बचाव ठरलेला असतो: आजी मोरीत पडल्या, मोटारसायकल नंतर शोधून आणली. तुमची फिर्याद आठ दिवसांनी दिलेली, म्हणजे हा बचाव येणारच. उशिराचं कारण, ऑपरेशनची धावपळ, पटण्यासारखं आहे. पण दाखल करताना दवाखान्याच्या केस पेपरवर पहिल्या ओळीत काय लिहिलंय? पोलिसांची झंझट नको म्हणून अनेकदा घरचेच "पडून लागलं" असं सांगतात, तर कधी घाईत डॉक्टर तसं लिहून टाकतो. दवाखान्यात अर्ज देऊन संपूर्ण केस पेपरची प्रत मागा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, झाली होती का ते विचारा. पोलीस ठाण्यातून फिर्याद आणि घटनास्थळ पंचनामा घ्या. त्यात आजी "अचानक आडव्या आल्या" असं काही घातलंय का, धडकेची जागा रस्त्याच्या मधोमध दाखवलीय की कडेला, तेही बघा. केस पेपरवर "मोटारसायकलची धडक" असेल तर निम्मी लढाई झाली. "घरी पडली" असेल तर तिथे कोण हजर होतं, डॉक्टरला माहिती कुणी दिली, हे आईंना शांतपणे विचारून, त्या सांगतील तसं आजच लिहून ठेवा.